आमची वाटचाल : पेटीची वाट ते शुक्रवारची वाट

२०२६ सालात बावन्न शुक्रवार आहेत. पहिला २ जानेवारीला, शेवटचा ऐन नाताळात, २५ डिसेंबरला. एकपडदा चित्रपटगृहाकडे वर्षभराचे भांडवल म्हणजे एवढेच. मल्टिप्लेक्सकडे पाच-सहा पडदे असतात, एक चित्रपट पडला तर दुसरा सावरून घेतो. सातारा जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी आमचा पडदा एक आणि खुर्च्या ४२०. म्हणून डिसेंबर लागला की नव्या वर्षाच्या चित्रपटांची यादी आणि पंचांग शेजारी शेजारी ठेवून शुक्रवार मोजायचे, हा आमच्या ऑफिसचा रिवाज.

पूर्वी ही यादी आमच्या उपयोगाचीच नव्हती. धंद्याची सुरुवात तंबूची. मार्गशीर्ष-पौषात म्हसवडचा सिद्धनाथ, पुसेगावचे सेवागिरी महाराज, पालीचा खंडोबा अशा यात्रांमधून कनात उभी करायची आणि पाऊस लागला की सामान बांधायचे. पुढे पक्की इमारत झाली, तरी चित्रपट यायचा तो ३५ मिलिमीटरच्या रिळांतूनच. सेकंदाला २४ चौकटी, मिनिटाला ९० फूट. २००० फुटांचे रीळ २२ मिनिटांत संपते. तीन तासांच्या चित्रपटाची आठ-नऊ रिळे पत्र्याच्या पेट्यांत भरून एसटीने येत. वितरकांची कार्यालये मुंबईत लॅमिंग्टन रोडला नाझ चित्रपटगृहाच्या आवारात, आणि प्रिंटा, म्हणजे चित्रपटाच्या प्रती, मोजक्या. आधी पुणे-कोल्हापूर, मग जिल्ह्याचे ठिकाण, मग तालुका. चित्रपट 'नवा' असायचा तो मुंबईचा; आमच्याकडे यायची ती मोकळी झालेली पेटी.

त्या पेटीत काय येई तेही सांगायला हवे. प्रत्येक रिळाचा आरंभ आणि शेवट सर्वांत जास्त हाताळला जातो, त्यामुळे तिथेच ओरखडे पडतात आणि तुटून जोड लागतात. रीळ बदलायची खूण म्हणजे चौकटीच्या वरच्या उजव्या कोपऱ्यातला ठिपका. पहिला ठिपका शेवटाच्या आठ सेकंद आधी येतो, तो दिसला की पुढचे रीळ चढवलेल्या दुसऱ्या यंत्राची मोटर सुरू करायची. दुसरा सुमारे एक सेकंद आधी, त्यावर झडप फिरवायची. जोड लावताना हा तुकडा कापला गेला की पुढचा ऑपरेटर खिळ्याने नवा ठिपका कोरणार, त्याच्या पुढचा आणखी एक. तालुक्याला पोचेपर्यंत एकेका रिळाच्या टोकाला चार-पाच ठिपके झालेले असत आणि संवादाचे वाक्य अर्ध्यात तुटे.

डिजिटल आल्यावर यंत्र बदलले तसे आमचे पंचांगही बदलले. पुण्यात ज्या शुक्रवारी चित्रपट लागतो त्याच शुक्रवारी आमच्याकडे लागतो. म्हणून आता नव्या वर्षाची यादी आमची आहे आणि तिची वाट आम्ही मनापासून पाहतो. मात्र तो शुक्रवार सुरळीत जायचा तर गुरुवारची कामे गुरुवारीच व्हावी लागतात.

चित्रपटाची फाइल साधारण १५० ते २५० जीबीची. ती हार्डडिस्कवर येते किंवा छतावरच्या व्हीसॅटच्या, म्हणजे उपग्रहाच्या, छत्रीतून उतरते. मुसळधार पावसात छत्रीचा सिग्नल तुटतो आणि उतरवणे अडकते, म्हणून जून ते सप्टेंबर आम्ही हार्डडिस्कच मागवतो. २०० जीबीची फाइल जुन्या यूएसबीवरून सर्व्हरमध्ये, म्हणजे चित्रपट चालवणाऱ्या संगणकात, चढवायला दोन तास जातात, शो चालू असेल तर जास्त. त्यामुळे डिस्क गुरुवारी दुपारपर्यंत हातात हवी.

फाइल आली म्हणजे चित्रपट आला असे नव्हे. तिचे कुलूप उघडणारी चावी, केडीएम, वेगळी मेलवर येते. ती फक्त आमच्या सर्व्हरसाठी, ठरावीक दिवस-वेळेपुरती आणि चित्रपटाच्या एका ठरावीक आवृत्तीपुरती बनलेली असते. गडबड होते ती या तिन्ही ठिकाणी. सर्व्हरचे कार्ड दुरुस्तीत बदलले आणि वितरकाकडे जुनाच क्रमांक राहिला, तर चावी लागत नाही. सेन्सॉरनंतर एखादे दृश्य बदलून नवी आवृत्ती आली आणि चावी जुन्या आवृत्तीची असली, तरी लागत नाही. आणि चावीची मुदत शुक्रवारी सकाळी सुरू होत असेल, तर गुरुवारी रात्री तपासणीच करता येत नाही. म्हणून आम्ही मुदत गुरुवार संध्याकाळपासून मागून घेतो आणि रात्रीचा शो सुटल्यावर तीन तुकडे लावून पाहतो: सुरुवातीची पाच मिनिटे, मध्यंतरानंतरची दोन आणि अगदी शेवट. चौकट सिनेमास्कोप (जास्त रुंद) आहे की फ्लॅट (कमी रुंद) हेही तिथेच कळते; चुकीचे सेटिंग लागले की माणसे चपटी दिसतात किंवा कपाळे कापली जातात. चावीची मुदत मोजणारे सर्व्हरचे घड्याळ सुरक्षित असते, वर्षभरात फार तर सहा मिनिटे पुढे-मागे करता येते. ते मागे पडू लागले तर थोडे थोडे सुधारत राहावे. एकदम दुरुस्त करू म्हटले तर सर्व्हर ऐकत नाही.

दिव्याचा हिशेब या यादीशी थेट जोडलेला आहे. आमच्या प्रोजेक्टरला दोन किलोवॉटचा झेनॉन दिवा लागतो आणि तो २००० तासांचा धरून आम्ही चालतो. रोज चार शो, शोला तीन तास, म्हणजे दिवसाला १२ तास. १६६ दिवसांत दिवा संपला. थोडे आणखी ताणू, हा मोह वाईट. दिवा जुना झाला की टोक झिजते, प्रकाश थरथरतो आणि पडदा पिवळट दिसू लागतो. काचेच्या आत मोठ्या दाबाचा वायू असतो. मुदतीपलीकडे दिवा फुटला तर मागचा आरसाही जातो आणि आरशाची किंमत दिव्याहून अधिक. बदलताना चेहऱ्यावर जाळी, हातात मोजे, आणि काचेला बोट लागू द्यायचे नाही. बोटाच्या तेलाचा डाग तापून काच तिथेच तडकते. शो संपल्यावर पंखा दहा-पंधरा मिनिटे चालू ठेवायचा. वीज जाते तेव्हा नेमका हाच पंखा थांबतो, म्हणून सर्व्हरबरोबर पंख्यालाही यूपीएस दिला आहे. दिव्याला नाही, तो जनरेटर आल्यावर पुन्हा पेटवायचा. २०२६ साठी नवा दिवा एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात चढेल, तो ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पुरेल आणि दिवाळीला पुन्हा कोरा दिवा मिळेल.

एप्रिलचा शेवट धरला त्याला कारण आहे. १ मे २०२६ शुक्रवारी येतो आणि महाराष्ट्र दिनाच्या त्याच तारखेला 'राजा शिवाजी' हा चित्रपट जाहीर झालेला आहे. शिवाजी-संभाजी महाराजांवरच्या चित्रपटाला आमच्या भागात काय होते ते फेब्रुवारी २०२५ मध्ये 'छावा'ने दाखवले. अशा वेळी माणसे गावाहून टेम्पो करून येतात, तरुण मंडळे अख्खा शो मागतात. त्या आठवड्यात पडदा अंधूक असून चालणार नाही आणि आवाज फाटूनही चालणार नाही. पडद्यामागे तीन मोठे स्पीकर असतात, संवाद मधल्यातून येतात. पडद्याला बारीक छिद्रे असतात ती धुळीने बुजली की सर्वांत आधी 'स' आणि 'श' ऐकू येईनासे होतात. मऊ ब्रशने पडदा वरून खाली झाडायचा, पाणी लावायचे नाही. पावसाळ्यानंतर पडद्यामागच्या वायरी उंदीर कुरतडतात. त्या आता लोखंडी नळीतून घेतल्या आहेत.

मार्चमध्ये खरी कसोटी आहे. गुढीपाडवा गुरुवारी १९ तारखेला आणि ईद त्याच आठवड्यात. महिनाभर रोजे आणि दहावी-बारावीच्या परीक्षा, त्यात ८ मार्चपर्यंत टी-ट्वेंटी विश्वचषक, म्हणून गर्दी थांबलेली असेल. आणि नेमक्या १९ मार्चलाच दोन मोठे चित्रपट जाहीर झालेले आहेत. वितरकाची पहिली अट असते, चारही शो आमचेच. एका पडद्याला दोघांनाही हो म्हणता येत नाही. निवड कशी करायची? ट्रेलर लागतो तेव्हा ऑपरेटर खिडकीतून पडदा नव्हे, खुर्च्या बघतो. मोबाइलवरची मान वर होते का, ते बघायचे. तीन आठवडे, वेगवेगळ्या वेळांचे शो. समाजमाध्यमांवरच्या आकड्यांपेक्षा आम्ही यावर जास्त विसंबतो.

व्यवहाराची बोली ठरवताना मोह आवरावा लागतो. खुर्च्या ४२०, रोज चार शो, सात दिवस म्हणजे आठवड्याला ११,७६० जागा. सरासरी ८० रुपये दर धरला आणि वीस टक्के जागा भरल्या तर कर वगळून १,८८,१६० रुपये जमतात. निम्मे वितरकाला द्यायचे तर ९४,०८० आमच्याकडे राहतात. दीड लाखाची मिनिमम गॅरंटी, म्हणजे गल्ला कितीही जमला तरी वितरकाला द्यायची रक्कम, लिहून दिली असेल तर राहतात ३८,१६०, आणि त्यात वीज, पगार, डिझेल. गॅरंटी फक्त पाडवा, १ मे आणि दिवाळीसारख्या आठवड्यांना द्यावी, तीही एकाच आठवड्याची. बाकी वर्षभर टक्केवारी बरी.

दर १०० च्या आत ठेवण्यामागेही हिशेब आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, वरच्यावर १८ कायम. १०० च्या तिकिटाला प्रेक्षक १०५ देतो. दर ११० केला तर १२९ रुपये ८० पैसे. आमच्या गल्ल्यात १० वाढतात, प्रेक्षकाच्या खिशातून २४.८० जातात. चौघांच्या कुटुंबाला हा फरक कळतो आणि ते पुढच्या वेळी येत नाहीत.

या वर्षी आम्हाला सर्वांत जास्त उत्सुकता आहे ती एका अशा महिन्याची, जो वितरकांच्या यादीत ठळक दिसत नाही. १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे, धोंड्याचा महिना. लग्नाचे मुहूर्त नाहीत, म्हणजे मंगल कार्यालये ओस. शाळांना सुट्टी. लेकी-जावई धोंडे जेवायला माहेरी आलेले, आणि जेवणानंतर घरच्यांना बाहेर न्यायचे तर तालुक्याला दुसरे ठिकाण नाही. एरवी मेमध्ये लग्नसराई आणि रात्री क्रिकेट यांत शो रिकामे जातात; यंदा दुपारी तीनचा शो घरच्या माणसांनी भरेल असा आमचा अंदाज आहे. त्यासाठी घरगुती विषयाचा मराठी चित्रपट मिळावा म्हणून आम्ही आतापासून वितरकांकडे शब्द टाकला आहे. ३० जून २०२३ ला, भर पावसात, 'बाईपण भारी देवा' लागला तेव्हा भिशीचे गट, बचत गट दुपारच्या शोला एकत्र आले होते. तेव्हा कमी पडली ती महिलांची स्वच्छतागृहे. मध्यंतर १५ मिनिटांचे, बायका दोनशे, संडास चार. एकीच्या वाट्याला वीस सेकंदही येत नाहीत. आता आठ आहेत, आणि बायकांची गर्दी जास्त असेल तर मध्यंतर २० मिनिटांचे.

जुलैत मोठे काही घ्यायचे नाही. आषाढी २५ तारखेला आहे, पालखी लोणंद-फलटण भागातून जाते तेव्हा वाहतूक वळवलेली असते आणि माणसांचे लक्षही तिकडे. ते दिवस खुर्च्यांचे रेक्झिन, छताची गळती आणि जनरेटरच्या सर्व्हिसिंगचे. १५ ऑगस्ट शनिवारी आहे, त्यामुळे १४ चा शुक्रवार महत्त्वाचा. गणपती १४ सप्टेंबरला बसतील, तेव्हापासून विसर्जनापर्यंत रात्रीचा शो बंद ठेवलेला परवडतो.

मग दिवाळी. 'रामायण'चा पहिला भाग २०२६ च्या दिवाळीला जाहीर झालेला आहे. लक्ष्मीपूजन रविवारी ८ नोव्हेंबरला. त्या संध्याकाळी चित्रपटगृहात कोणी येत नाही, दुकाने आणि घरे पूजेत असतात. गर्दी सुरू होते पाडव्याला आणि टिपेला जाते भाऊबीजेला, ११ तारखेला. ऊस कारखाने तोवर पेटण्याच्या बेतात असतात, तोडणीची टोळकी उतरू लागतात, तीही रात्रीच्या शोला येतात.

वेळा कशा लावायच्या हे मात्र चित्रपटाच्या लांबीवर ठरेल. १४० मिनिटांचा असला तर मध्यंतर १५, जाहिराती-ट्रेलर १० आणि सफाईसाठी १५ मिळून तीन तास. नेहमीचे १२, ३, ६, ९ चालते. २०० मिनिटांचा असला, जसा २०२४ च्या डिसेंबरात 'पुष्पा २' होता, तर तेच गणित चार तासांवर जाते आणि चौथा शो वाचवायचा तर सकाळी ८ ला उघडावे लागते: ८, १२, ४, ८. चारच्या शोची मंडळी पावणेआठला सुटतात, मुक्कामी एसटी त्यांना मिळते. पंधरा मिनिटे उशीर झाला तर मिळत नाही, म्हणून चारचा शो एक मिनिटही मागे सरकू द्यायचा नाही. लांबी सेन्सॉरच्या प्रमाणपत्रावर मिनिटांत छापून येते. ती कळली की तासाभरात भाऊबीजेच्या वेळा फळ्यावर लिहू.