पीपीटी का देत नाही

जिवाणूंच्या डीएनएचा डेटा संगणकावर तपासायला शिकवणारी माझी कार्यशाळा संपते, लोक बॅगा आवरतात आणि कुणीतरी म्हणतंच, "मॅडम, लिंक नको, पीपीटीच द्या की. गावाकडं रेंज नसती." परभणी, नांदेड, लातूर, सगळीकडे हेच. मी नाही म्हणते, मग त्यांना वाटतं की मॅडमला साहित्य दडवायचंय. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सगळं सांगते.

आजवर मी एक सोपं कारण सांगत आले. पॉवरपॉइंटमध्ये कोड लिहिला की सरळ अवतरणचिन्हं वाकडी होतात आणि ती ओळ आर या प्रोग्रामिंग भाषेत चिकटवली की एरर येते. पहिल्या वर्षी अख्खी सकाळ त्यात गेली. ब्राउझरमधल्या स्लाइडवरून ओळ जशीच्या तशी उचलता येते. हे खोटं नाही. पण एवढ्यासाठी मी इतकी अडून बसले नसते.

एक मुलगी स्वतःचा डेटा घेऊन आली होती. वडिलांच्या शेतातली, सोयाबीनच्या मुळांभोवतीची माती, पेरणीपासून काढणीपर्यंत तिनंच गोळा केलेली. माझ्या स्लाइडवर रीड्स, म्हणजे यंत्रानं डीएनएच्या तुकड्याच्या दोन्ही टोकांकडून केलेली वाचनं, छाटायची ओळ होती: पुढची २४० बेसवर (बेस म्हणजे डीएनएचं एक अक्षर), मागची १६० वर. हे आकडे डाडा-टू या आरमधल्या पॅकेजच्या ट्यूटोरियलमधले; रीड्स छाटायचं, जोडायचं काम तेच करतं. तिथला डेटा व्ही-४ चा (जिवाणू ओळखायच्या जनुकाचा एक भाग), तुकडा साधारण २५० बेसचा, म्हणून तिथं चालतात. हिचा डेटा व्ही-३ व्ही-४ चा, तुकडा सुमारे ४६० चा. २४० आणि १६० मिळून ४००. दोन टोकं एकमेकांपर्यंत पोचतच नाहीत, आणि जोडायला किमान १२ बेस एकमेकांवर यावे लागतात. तिच्या तक्त्यात मर्जचा, म्हणजे जुळलेल्या जोड्यांचा, रकाना जवळजवळ शून्य.

"मॅडम, माझं काय चुकलं हो?"

मी उभ्या उभ्या पाहिलं आणि म्हटलं, "काळी माती आहे, ह्युमिक आम्लानं डीएनए खराब आला असेल." खराब रीड्स गाळल्यानंतरच्या रकान्यात रीड्स भरपूर होत्या. डीएनए खराब असता तर नेमक्या मर्जलाच का गळाल्या असत्या? ते मला तिथंच दिसायला हवं होतं. मागच्या बाकावर कुणाचा तरी लॅपटॉप बंद पडला होता, मी तिकडे गेले.

दोन महिन्यांनी तिच्या गाइडचा फोन आला, मातीतून डीएनए काढायला दुसरं कोणतं किट घ्यावं म्हणून. तेव्हा मी फायली मागवल्या. ३०० बेसच्या रीड्स होत्या. २८० आणि २२० वर छाटल्या, बहुतेक जुळल्या. तोवर तिनं विषय बदलला होता.

मी माझी फाइल दुरुस्त केली. पण जुनी तीस-चाळीस पेनड्राइव्हमध्ये गेलेली. पुढच्या वर्षी दुसऱ्याच कॉलेजात एका मुलाच्या कोडमध्ये तेच २४०, तेच १६०, वर माझीच मराठी टिपणी. त्या दिवसापासून पीपीटी बंद. वेबवर एका जागी दुरुस्त केलं की सगळ्यांकडे दुरुस्त होतं.

यावर माझंच मन मला विचारतं: त्या दिवशी स्लाइड वेबवर असती तरी ती मुलगी या फटक्यातून सुटली असती का? नसती. चूक पीपीटीची नव्हती. प्रायमर (तुकड्याची टोकं ठरवणारा डीएनएचा छोटा धागा) कोणता, तुकडा किती लांब, रीड्सच्या क्वालिटीचा आलेख कुठं घसरतो, हे न विचारता मी आकडा ठेवला होता. आता त्या जागी रिकामी चौकट आहे, आकडा ज्यानं त्यानं काढायचा. काहींना त्याचा राग येतो. येऊ द्या.

रेंजचं मात्र तुमचं खरं आहे. हॉलमध्ये मी छोटा राउटर नेते आणि माझ्या लॅपटॉपवरूनच स्लाइड दाखवते, नेट गेलं तरी अडत नाही. पण घरी गेल्यावर काय? मागच्या महिन्यात औशाकडच्या एका मुलानं फारच गळ घातली, तेव्हा पीडीएफ दिली. प्रत्येक पानावर तारीख टाकली. ती फाइल पुढं कुणाकुणाकडे गेली असेल, हे मी अजून मोजत बसते.