चार नंबरपॅड, एक कॉम्प्युटर: दुसऱ्यांदा आलेला ९ मोजायचा की सोडायचा?

इंदिरानगरच्या आमच्या सोसायटीत २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, मुलांची प्रश्नमंजूषा असते. तिच्यासाठी एका जुन्या डेस्कटॉपला चार यूएसबी नंबरपॅड, म्हणजे फक्त आकड्यांचे छोटे कीबोर्ड, जोडले आहेत, प्रत्येक संघाला एक. मशीनवर लिनक्स आहे आणि वाचणारी स्क्रिप्ट पायथनची. पर्यायांची फेरी आता बिनबोभाट चालते. खरी कसोटी आकड्यांच्या फेरीत लागली.

प्रश्न समजा असा: कुसुमाग्रज कोणत्या वर्षी गेले? उत्तर १९९९. म्हणजे एकच बटण सलग तीनदा. घाईतली मुलं ते कधी टकटक दाबतात, कधी दाबून धरतात. त्याच क्षणी शेजारचा संघही ९ च दाबत असतो, कारण उत्तर त्यांनाही येतं!

नेहमीच्या खिडकीत किंवा ब्राउझरमध्ये हे सोडवायला जाऊ नका, हे आधी सांगतो. डेस्कटॉप सगळे कीबोर्ड एकत्र करून एकच प्रवाह पुढे देतो. ब्राउझर एवढं सांगतो की हे बटण दाबून धरल्यामुळे पुन्हा आलं आहे, पण कोणत्या कीबोर्डवरून आलं ते सांगत नाही. दोन नंबरपॅडवर ९ दाबलेला असताना एकाने बोट उचललं, तर ते बोट कोणाचं हे वर कळायला मार्गच नाही. म्हणून स्क्रिप्ट थेट इव्हेंट डिव्हाइस वाचते, म्हणजे बटणांच्या खबरा जिथे येतात त्या लिनक्सच्या फाइली, प्रत्येक नंबरपॅडची वेगळी, आणि तो स्वतःकडे ग्रॅब करून ठेवते, म्हणजे त्याचे आकडे डेस्कटॉपवर सांडत नाहीत. दाबलेल्या बटणांची नोंद नुसत्या बटणावर न ठेवता नंबरपॅड आणि बटण अशा जोडीवर ठेवली, आणि निम्मा गोंधळ तिथेच मिटला.

उरला निम्मा. एकाच नंबरपॅडवरून ९ पुन्हा आला, तर त्याची कारणं तीन असू शकतात, आणि तिन्हींना वेगवेगळी वागणूक द्यावी लागते.

पहिलं, बटण दाबून धरलं आहे. यूएसबी कीबोर्ड स्वतः काही पुन्हा पाठवत नाही. कोणती बटणं खाली आहेत एवढंच तो कळवतो. पुनरावृत्ती कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, तयार करतो, प्रत्येक डिव्हाइससाठी वेगळ्या टायमरवर: डीफॉल्टने २५० मिलिसेकंद थांबून, मग दर ३३ मिलिसेकंदांनी. सेकंदभर बोट राहिलं की सुमारे २३ जादा नऊ! पण ते ओळखायला सोपे आहेत. दाबलं की व्हॅल्यू १ येते, सोडलं की ०, आणि या कृत्रिम पुनरावृत्तीला २. व्हॅल्यू २ आली की सरळ सोडून द्यायची.

दुसरं कारण चिवट आहे. बटणाचा संपर्क झिजला की एका दाबण्यात १, ०, १ असं येतं, आणि इथे दोन्ही वेळा व्हॅल्यू १ च असते. एका नंबरपॅडच्या ९ ची नोंद काढून पाहिली, तर दोन दाबण्यांमधलं अंतर १६ मिलिसेकंदांच्या आसपास. कॉम्प्युटर या नंबरपॅडला साधारण दर ८ मिलिसेकंदांनी विचारतो, म्हणून अंतरंही त्याच पटीत दिसतात. उपाय असा: पहिलं दाबणं लगेच मोजायचं, आणि त्या जोडीवर पुढचे ३० मिलिसेकंद काही ऐकायचं नाही. आधी थांबून मग मोजण्याची पद्धत पहिला कोण हे ठरवणाऱ्या बझरला चालत नाही, कारण तो उशीर संघाच्या नावावर पडतो. मुद्दाम टकटक दाबणारं बोट इतक्या लवकर परत येत नाही, त्यामुळे तिसरं कारण, म्हणजे खरंच तीनदा दाबलेला ९, सुखरूप वाचतो.

याला एक अपवाद निघाला. नंबरपॅडवरचं ‘००’ हे बटण. त्याला स्वतःचा कोड नाही. ते शून्यच दोनदा, मोठ्या वेगाने पाठवतं. ३० मिलिसेकंदांच्या गाळणीत दुसरं शून्य अडकतं आणि २००० चं २०० होतं. दुहेरी शून्य आणि झिजलेला संपर्क यांत वेळेवरून फरक करता येत नाही, आणि तसा करायचा आटापिटा मला पटत नाही. चारही नंबरपॅडवरची ‘००’ची टोपी स्क्रूड्रायव्हरने अलगद काढून ठेवली. मुलांना एक शून्य दोनदा दाबणं जड नाही.

तेच मॉडेल चारदा घेतलं असेल तर ओळखीचीही पंचाईत होते. या स्वस्त नंबरपॅडना सिरियल नंबर नसतो, त्यामुळे आयडीवरून चौघे एकच दिसतात. मी लिनक्सची बाय-पाथ (by-path) नावं वापरतो, म्हणजे ओळख यूएसबी पोर्टवरून ठरते. हबच्या प्रत्येक पोर्टवर संघाच्या रंगाची चिकटपट्टी लावली आहे.

बरोबरीचा नियमही यातूनच आला. विचारणाच दर ८ मिलिसेकंदांनी होत असेल, तर त्याहून कमी फरकावर पहिला कोण हे ठरवणं अन्यायाचं आहे. दोन संघांत १० मिलिसेकंदांपेक्षा कमी अंतर असेल, तर दोघांनाही उत्तराची संधी. मुलांसमोर हा नियम आधीच वाचून दाखवायचा आहे.

उत्तर पक्कं झालं की त्या संघाच्या नंबरपॅडवरचा नम लॉकचा दिवा स्क्रिप्ट पेटवते. प्रत्येक डिव्हाइसला दिव्याचा हुकूम वेगळा देता येतो, आणि तो हिरवा ठिपका मुलांना पडद्यावरच्या घोषणेपेक्षा जास्त आवडतो.

राहिलंय ते सैल पिनचं काम. बटण दाबलेलं असताना वायर निसटली, तर फाइल वाचताना एरर येते आणि ‘सोडलं’ ही खबर स्क्रिप्टपर्यंत पोचेलच असं धरता येत नाही. तेव्हा एरर आली की त्या नंबरपॅडच्या सगळ्या जोड्या पुसायच्या आणि तोच पोर्ट परत दिसला की पुन्हा ग्रॅब करायचं, एवढा भाग लिहून झाला आहे. रविवारी हॉलमध्ये मुलांनाच वायरी ओढायला सांगून तो तपासणार आहे.