तिकडे काय झालं?

3 सप्टेंबर 2021, शुक्रवार रात्र

घसा बसलाय. बेसबॉलचा सामना नऊऐवजी अकरा इनिंग चालला. शेवटचा निर्णय पंचांनी रिप्ले बघून फिरवला, तेव्हा कुठे 3–2 असा सुटला. आमचे सॅन फ्रान्सिस्को जायंट्स जिंकले, लॉस एंजेलिसचे डॉजर्स हरले. सकाळी जायंट्स आणि डॉजर्स बरोबरीत होते, आता आम्ही एका सामन्याने पुढे.

पुण्याहून नुकताच इकडे आलेला ऑफिसमधला एक मुलगा सोबत होता. परतताना कॅल्ट्रेनमध्ये त्याने विचारलं, "ताई, अजून महिना बाकी आहे ना? आत्तापासून एवढं कशाला?" त्याला समजावताना मलाच पुन्हा सगळं लख्ख दिसलं. सहा महिने, 162 सामने. आमच्या गटात, म्हणजे नॅशनल लीग वेस्टमध्ये, पाच संघ. पहिला येईल तो थेट पुढच्या फेरीत, तिथे पाच सामन्यांची मालिका, म्हणजे एखाद्या दिवशी घसरलं तरी सावरता येतं. दुसरा येईल त्याच्या नशिबी वाइल्ड कार्डचा, म्हणजे गट न जिंकलेल्या दोन संघांमधला, एकच सामना. एक रात्र वाईट गेली की वर्ष संपलं. यंदा सगळ्या बेसबॉलमधले सगळ्यात चांगले दोन संघ नेमके एकाच गटात आलेत. त्यातल्या एकाला ती एक रात्र भोगावी लागणार.

ते आम्ही असू नये, एवढंच.

10 सप्टेंबर, शुक्रवार

गणपती बसले. सकाळी पूजेची गडबड, आणि तिकडे शिकागोत आपला ब्रँडन बेल्ट जर्सीवर काळ्या चिकटपट्टीचा 'सी' लावून उतरलेला. सी म्हणजे कॅप्टन. कोणी अधिकृत नेमलेलं नाही, सहकाऱ्यांनी गंमतीत कॅप्टन म्हटलं आणि त्याने ते छातीवर मिरवलं. वर होम रनही मारला, म्हणजे बॉल थेट प्रेक्षकांत, क्रिकेटच्या षटकारासारखा. मार्चमध्ये सगळे जाणकार जायंट्सना 75च्या आसपास विजय देत होते. डॉजर्स गेल्या वर्षीचे विजेते, सलग आठ वर्षं गटात पहिले. या संघावर कोणाचा विश्वास नव्हता, म्हणून त्या पट्टीचं मला फार कौतुक वाटलं.

संध्याकाळची आरती आणि लॉस एंजेलिसमधला डॉजर्सचा सामना साधारण एकाच वेळी. आरती मी पूर्ण मन लावून म्हटली. मंत्रपुष्पांजली झाल्यावर मात्र प्रसाद वाटायच्या आधी फोन पाहिला. डॉजर्स पुढे होते, आणि जिंकलेच.

12 सप्टेंबर, रविवार

आज पहिल्यांदा डॉजर्सचा पूर्ण सामना पाहिला. सॅन डिएगोच्या पाद्रेजविरुद्ध. लॅपटॉप उघडला तो फक्त स्कोअर बघायला, आणि बसले ती बसलेच. मॅक्स शर्झर पिचिंग करत होता, म्हणजे बॉल टाकत होता. जुलैअखेर डॉजर्सनी त्याला आणि ट्रे टर्नरला वॉशिंग्टनकडून आणलं, तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला होता. (आम्हीही शिकागोकडून क्रिस ब्रायंटला आणलं, पण शर्झर तो शर्झर.) आज त्याने कारकिर्दीतला 3000वा स्ट्राइकआउट घेतला (बॅटरला तीन स्ट्राइकवर बाद करणं) आणि आठव्या इनिंगपर्यंत पाद्रेजचा एकही माणूस बेसवर पोचू दिला नाही. कॅमेरा जवळ गेला की त्याचे डोळे दिसतात, एक निळा, एक तपकिरी. बॉल टाकून झाला की तो माउंडभोवती, पिचरच्या उंचवट्याभोवती, फेऱ्या मारतो, स्वतःशीच बडबडतो. आठव्यात शेवटी एरिक हॉस्मरने त्याला फटका मारला तेव्हा मला चक्क हळहळ वाटली. दोन तास मी पाद्रेजसाठी देव पाण्यात ठेवले होते, आणि त्या क्षणी मनात आलं, आणखी थोडं जमायला हवं होतं याला!

इतके दिवस डॉजर्स म्हणजे माझ्यासाठी नुसता निळा रंग होता. आता त्यांची माणसं दिसायला लागलीत. मॅक्स मन्सी नको त्या बॉलला बॅट लावत नाही, वाट पाहतो. कोडी बेलिंजरचं वर्ष इतकं वाईट चाललंय की तो बॅटिंगला आला की मी निर्धास्त होते. तसं होऊ नये खरं तर.

26 सप्टेंबर, रविवार

डेन्व्हरमध्ये बेल्टच्या अंगठ्याला बॉल लागला. बंट करायला, म्हणजे बॅट नुसती आडवी धरून बॉल हळूच ढकलायला, वाकला होता. हात झटकला आणि तसाच वाकून राहिला. ते पाहून मी स्वयंपाकघरात निघून गेले. यंदा 29 होम रन आहेत त्याचे. हाड मोडलं असलं तर संपलंच.

लॉस एंजेलिसहून भाच्याचा फोन आला. तो जन्मापासून तिकडचा, कट्टर डॉजर्सवाला. मला वाटलं चिडवणार. म्हणाला, "मावशी, बेल्टचं वाईट झालं गं. असं नको होतं." एवढंच बोलला आणि मग आईकडे फोन दिला. पोरगं चांगलं आहे.

29 सप्टेंबर, बुधवार

हे नीट लिहून ठेवते.

जायंट्सनी ॲरिझोनाला हरवलं. दोन सामन्यांची आघाडी कायम. डॉजर्सचा सामना घरच्या मैदानावर पाद्रेजविरुद्ध, आणि पाद्रेज 9–6 असे पुढे. आठवी इनिंग. डॉजर्स हरले तर उद्या-परवात गट आमच्या खिशात. पाद्रेजनी सप्टेंबरभर मान टाकलीय, पण आज त्यांचे टाटीस, मचाडो सगळे जागे झाल्यासारखे खेळत होते. मी मनातल्या मनात त्यांची माफीही मागून टाकली, कारण शुक्रवारपासून तेच आमच्याकडे येणार आहेत आणि तेव्हा मला ते सपाटून हरायला हवेत.

मन्सी आला. होम रन. 9–7. ठीक आहे, म्हटलं.

पाठोपाठ पोलॉक. होम रन. 9–8. मी लॅपटॉपचा आवाज बंद केला, जणू त्याने काही फरक पडणार होता.

मग बेलिंजर. मी ज्याला पाहून निर्धास्त होत होते तो. बॅटमधून बॉल सुटला तसा तो पळालाही नाही लगेच, बघत राहिला. 9–9. आणि पुढे कोरी सीगरने दोन धावांचा होम रन मारून सगळं आटोपलं. एका इनिंगमध्ये चार. 11–9.

आवाज बंद होता, त्यामुळे फक्त चित्र दिसत होतं: हजारो माणसं उभी, हात वर, तोंडं उघडी. मला राग यायला हवा होता. आला नाही. वाटलं, हा संघ आपण थोडं जरी मागे वळून पाहिलं तरी ओरबाडून घेईल. एप्रिलपासून आम्ही जिंकतोय तेवढंच तेही जिंकतायत. आमच्या मुलांनी एखादी मालिका आरामात खेळली असती तर? एखाद्या मंगळवारी, ॲरिझोनासारख्या हरून हरून थकलेल्या संघासमोर, कंटाळून खेळले असते तर? तशी एकही संधी डॉजर्सनी दिली नाही. आमच्या शंभरावर गेलेल्या विजयांमध्ये त्यांचा हात आहे, असं मला आज फार खरं वाटतंय.

मॅजिक नंबर 3, म्हणजे आमचे विजय आणि त्यांचे पराभव मिळून आणखी तीन झाले की गट आमचा. मांडणी सोपी: 163मधून आपले विजय आणि त्यांचे पराभव वजा करायचे. आमचे विजय 104, त्यांचे पराभव 56. आयपीएलच्या साखळीत शेवटच्या आठवड्यात आपण सगळे असेच कागदपेन्सिल घेऊन बसतो, फक्त तिथे आठवडा असतो, इथे महिना.

30 सप्टेंबर, गुरुवार

लमाँट वेड! नवव्या इनिंगमध्ये पुन्हा आमच्या याच पठ्ठ्याचा जिंकून देणारा फटका. 5–4. उगाच नाही त्याला 'लेट नाइट लमाँट' म्हणत.

डॉजर्स जिंकले. अर्थात.

1 ऑक्टोबर, शुक्रवार

जायंट्स 3, पाद्रेज 0. निदान बरोबरी तरी नक्की झाली.

तिकडे डॉजर्ससमोर मिलवॉकीचा संघ, ब्रूअर्स. डॉजर्सचा पिचर क्लेटन करशॉ दुसऱ्याच इनिंगमध्ये डावा हात धरून बाहेर गेला. 2008पासून हा माणूस याच एका संघासाठी खेळतोय. आमच्या बॅटर्सना त्याने इतकी वर्षं छळलंय की आमच्या घरात त्याचं नाव निघालं की नवरा चॅनल बदलतो. आज मात्र दोघंही गप्प बसलो. तो पायऱ्या उतरून आत गेला, कोणाशी बोलला नाही. दुखणं नुसतं हाताचं नसावं, तो चेहराच सांगत होता. डॉजर्स हरायला हवेत ही माझी रोजची प्रार्थना आहे, पण करशॉ धडधाकट असताना, त्याने टाकलेल्या बॉलवर कोणीतरी फटका मारून हरायला हवेत.

आणि एवढं होऊनही ते जिंकले. मागे पडले होते, ट्रे टर्नरने बेस भरलेले असताना होम रन मारला, एकदम चार धावा. 8–6.

2 ऑक्टोबर, शनिवार

दहा इनिंग खेळून 3–2 असे हरलो. डॉजर्स जिंकले. आम्ही 106, ते 105. मॅजिक नंबर 1वर अडकलाय. उद्या आम्ही हरलो आणि ते जिंकले तर सोमवारी इथेच आणखी एक सामना, 163वा.

भाच्याचा मेसेज: "मावशी, उद्या 3 ऑक्टोबर आहे."

माहीत आहे रे बाबा.

दोन्ही संघ मुळात न्यूयॉर्कचे, 1958मध्ये एकदमच कॅलिफोर्नियात आले आणि भांडणही सोबत घेऊन आले. 1951 साली ऑगस्टमध्ये जायंट्स डॉजर्सच्या साडेतेरा सामने मागे होते. तिथून गाठलं, बरोबरी झाली, तीन सामन्यांचा निकाली फैसला ठरला, आणि तिसऱ्या सामन्यात नवव्या इनिंगला जायंट्सच्या बॉबी थॉमसनने डॉजर्सच्या राल्फ ब्रँकाच्या बॉलवर तो होम रन मारला. तारीख 3 ऑक्टोबर. (पुढे कळलं की त्या वर्षी जायंट्स दुर्बिणीतून समोरच्या कॅचरने पिचरला केलेल्या खुणा चोरत होते. मला त्याचं वाईट वाटतं, आणि डॉजर्सवाले ते कधी विसरू देत नाहीत ते बरोबरच आहे.) 1962 साली पुन्हा बरोबरी, पुन्हा तिसरा सामना, डॉजर्स 4–2 पुढे असताना नवव्यात जायंट्सच्या चार धावा. 3 ऑक्टोबर. 1982 साली जायंट्सचं स्वतःचं काही उरलं नव्हतं, पण त्यांच्या जो मॉर्गनने कँडलस्टिकवर, घरच्या मैदानावर, होम रन मारून डॉजर्सना घरी पाठवलं आणि गट अटलांटाला मिळाला. 3 ऑक्टोबर. आणि 1993. जायंट्सचे 103 विजय, अटलांटाचे तेवढेच, शेवटच्या दिवशी डॉजर्सनी 12–1 असं चिरडलं. अटलांटा जिंकलं. 103 सामने जिंकूनही जायंट्स घरी बसले, कारण तेव्हा वाइल्ड कार्डसुद्धा नव्हतं. तीही 3 ऑक्टोबर.

इथल्या जुन्या लोकांशी बोलताना 1982 आणि 1993 ही दोन वर्षं एका दमात येतात. स्वतःला काही मिळणार नसताना दुसऱ्याचं बिघडवण्यात एवढा आनंद कसा, असं मला आधी वाटायचं. आता महिनाभर रोज रात्री डॉजर्स पाहिल्यावर कळतंय. ज्याच्याकडे वर्षभर बघत बसलो, त्याचा निकाल आपला झालेला असतो.

3 ऑक्टोबर, रविवार

जिंकलो!

शेवटच्या रविवारी सगळे सामने एकाच वेळी सुरू होतात, कोणाला दुसऱ्याचा निकाल बघून खेळता येऊ नये म्हणून. टीव्हीवर आम्ही, लॅपटॉपवर ते. लॅपटॉप टीव्हीपेक्षा थोडा मागे चालतो, त्यामुळे तिकडची बातमी आधी फोनवर यायची आणि मग चित्रात घडायची. नवऱ्याने शेवटी फोन ड्रॉवरमध्ये ठेवला.

लोगन वेब पिचिंगला. आजच्यासाठी मी दुसरं कोणाचं नाव घेतलं नसतं. पण आज त्याने बॅटही चालवली. पिचर बॅटिंगला आला की लोक पाणी प्यायला उठतात, मीही उठले होते. आवाज ऐकून वळले तर बॉल प्रेक्षकांत पडत होता. कारकिर्दीतला पहिला होम रन, आणि तो आजच्या दिवशी! बेसला फेरी मारताना त्याला हसू आवरत नव्हतं, लहान मुलासारखं.

तिकडे सुरुवातीलाच पहिल्या बेसवर उभा असलेला मन्सी तिकडे पळत येणाऱ्या खेळाडूशी धडकला आणि हात धरून आडवा झाला. कोपर. बेल्ट, करशॉ, आता हा. बेस म्हणजे एवढीशी चौकोनी उशी, आणि तिच्यासाठी माणसाचा हात असा वळावा? डॉजर्स थांबले नाहीत. 10–3 असे जिंकले. शेवटच्या दिवसापर्यंत त्यांनी आमच्यासाठी एक सामनासुद्धा सोडला नाही. आम्हाला स्वतःलाच जिंकावं लागलं: 11–4.

107 विजय. न्यूयॉर्कचे दिवस धरूनसुद्धा या संघाच्या इतिहासात इतके कधीच नव्हते, 1904 सालचे 106 मागे पडले. आणि डॉजर्सचे 106. एवढे जिंकून दुसरा आलेला संघ याआधी झालेला नाही.

आमचा कॅचर बस्टर पोझी सगळ्यांना एकेक करून मिठी मारत होता. बेल्ट हाताला बँडेज बांधून त्या गर्दीत होता. मी रडले.

संध्याकाळी भाच्याला मीच फोन केला. आवाज पडलेला होता त्याचा. बुधवारी डॉजर्स आणि सेंट लुइसचे कार्डिनल्स, वाइल्ड कार्डचा तो एकच सामना. कार्डिनल्स सप्टेंबरमध्ये सलग 17 जिंकून आलेत. 106 सामने जिंकलेल्या संघाला एका रात्रीत घरी पाठवू शकणारा हा नियम अन्यायाचाच आहे, हे मी त्याला मनापासून सांगितलं. आणि बुधवारी कार्डिनल्स जिंकायला हवेत, हेही सांगितलं. त्याला माहीतच होतं.

"आणि आम्ही जिंकलो तर?" त्याने विचारलं. "मग शुक्रवारी तुमच्याकडेच यायचंय आम्हाला."

"मग तूही ये," म्हटलं. "तिकिटं मी बघते. निळी जर्सी घालून आलास तरी चालेल, पण माझ्या शेजारी बसायचं."

तो गुरुवारी सुट्टी मिळते का ते विचारून सांगणार आहे.