मूळ संख्येचा आव आणणारी ४,२९,४९,६७,२९७

माझा दिवस कोड लिहिण्यात जातो, त्यामुळे ४,२९,४९,६७,२९५ हा आकडा मी झोपेतही ओळखेन: ३२ बिटांत मावणारी ही सर्वांत मोठी पूर्ण संख्या. पण माझी लाडकी आहे ती तिच्याहून दोनने मोठी असलेली. पक्की ढोंगी.

२ चा ३२ वा घात अधिक १, अशी ती बनते. तिच्या घराण्यात २ चा घात दरवेळी दुप्पट होतो (१, २, ४, ८, १६, ३२) आणि त्यात १ मिळवतात. आधीच्या पाच जणी, ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७, सगळ्या मूळ. मग पुढच्याही मूळच असणार, असं फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने १६४० मध्ये धरून चाललं. हिच्याकडे नुसतं पाहून तुम्हीही तेच म्हणाल. ३, ७, ११, १३ कशानेच भाग जात नाही. अंकांची बेरीजसुद्धा ५९, तीही मूळ. (त्याला काडीचा अर्थ नाही, पण माझी सवय सुटत नाही.)

१७३२ मध्ये गणितज्ञ ऑयलरने हिचं बिंग फोडलं: ६४१ गुणिले ६७,००,४१७. हिचा कोणताही मूळ अवयव ६४ च्या एखाद्या पटीहून १ ने मोठाच असावा लागतो. म्हणून १९३, २५७, ४४९, ५७७ एवढ्याच तपासल्या की लगेच ६४१ हाती लागते.

भागाकार न करताही हे पटवता येतं, आणि मला तेच जास्त आवडतं. ६४० म्हणजे ५ गुणिले १२८, म्हणून ६४० चा चौथा घात म्हणजे ६२५ गुणिले २ चा २८ वा घात. आता ६२५ च्या जागी ६४१ वजा १६ लिहा. १६ चा तुकडा २ च्या २८ व्या घाताशी गुणला की बरोबर २ चा ३२ वा घात होतो. दुसरीकडे, ६४० च्या चौथ्या घातातून १ वजा केला तर उरतं त्याला ६४१ ने भाग जातोच. दोन्ही जुळवा, २ चा ३२ वा घात अधिक १ आपोआप ६४१ च्या पटीत येऊन बसतो. पाठकोऱ्या कागदावर चार ओळींत आटोपतं.

खरी गंमत पुढे आहे. मूळ संख्या ओळखायची एक चाचणी फर्माच्याच प्रमेयावरून निघते: २ चा, त्या संख्येहून एकने लहान असा घात घ्या, संख्येने भागा, बाकी १ आली पाहिजे. हिच्या बाबतीत बाकी चक्क १ येते! या घराण्याची घडणच अशी की प्रत्येक जण ही चाचणी पास होते. २ ऐवजी ३ घेतला की मात्र ही नापास. संयुक्त असूनही अशी चाचणी पास होणाऱ्यांना छद्ममूळ म्हणतात.

बाकीची वर्गवारी फारशी रंजक नाही. विषम, संयुक्त, नेमके दोनच मूळ अवयव. स्वतःला सोडून उरलेल्या विभाजकांची बेरीज जेमतेम ६७,०१,०५९, म्हणजे परिपूर्णतेच्या (ही बेरीज संख्येइतकीच असण्याच्या) जवळपासही नाही; बेरीज कमी पडते, म्हणून न्यून संख्या.

एक गोष्ट मात्र राहिली. विषम मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून मांडता आलीच तर एकाच प्रकारे येते. ही दोन प्रकारे येते: ६५,५३६ चा वर्ग अधिक १ चा वर्ग, आणि ६२,२६४ चा वर्ग अधिक २०,४४९ चा वर्ग. त्यातला २०,४४९ पुन्हा १४३ चा वर्ग आहे.