आधी पाणी, मग वही

मंगळवारी दुपारी दीडच्या सुमारास सिव्हिल हॉस्पिटलमधून तिघं आमच्या हॉटेलात जेवायला आली. नवरा-बायको आणि एक आजी. नवऱ्याच्या हातात एक्स-रेचं मोठं पाकीट. खुर्च्या सरकवतायत तोवर आमचा नवा पोरगा वही-पेन घेऊन हजर. "बोला, काय देऊ?" आजी म्हणाल्या, "जरा बूड तर टेकू दे की रं बाबा."

गल्ल्यावर बसून मी हसलो, पण चूक माझीच. पोरगा जतहून येऊन आठवडा झाला, आणि मी त्याला फक्त भावपत्रक पाठ करायला लावलं होतं.

मी हे काम माटुंग्याला एका उडपी हॉटेलात शिकलो. तिथले म्हातारे वेटर, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे, दोन्ही हातांत ताटल्या असल्या तरी दारातल्या माणसाकडे बघून मान हलवायचेच. पहिल्या पगाराला ते मला रामा नायकांच्या बोर्डिंगात, म्हणजे खानावळीत, घेऊन गेले. १९४२ पासूनची जागा. काय घेणार, असं कुणी विचारलंच नाही. बसलो आणि समोर केळीचं पान आलं. पाणी शिंपडून ते पुसतोय तोवर वाढपी भाजी घेऊन उभा!

आमच्याकडे पान नाही, पण पाणी आहे. त्या रात्री शटर अर्धं ओढून मी पोराला टेबलावर बसवलं आणि स्वतः वेटर झालो. आधी त्याच्यासारखे चार ग्लास एका हातात, प्रत्येकात एक बोट बुडवून आणले. त्याने तोंड वाकडं केलं. मग ट्रेमधून आणले, बुडाशी धरून ठेवले. फडका मारायचा तो माणूस बसायच्या आधी, आणि खरकटं आपल्याकडे ओढायचं, त्याच्या मांडीकडे नाही. "साधं पाणी की बाटली?" हे तर विचारायचंच नाही. बायकापोरांसमोर "साधं" म्हणायला माणूस संकोचतो, आणि बाटलीचे पैसे उगाच जातात. पाण्याचा जग ठेवायचा. बाटली हवी असेल तो मागतो. एकट्या आलेल्या बाईला "एकट्याच?" म्हणायचं नाही.

"आणि ऑर्डर कधी घ्यायची?" त्याने विचारलं.

"तुझ्या घरी पाहुणा आला तर आई गूळपाणी आधी देते, की काय काम काढलंत ते आधी विचारते?"

पोरगं हुशार आहे. बुधवारी सकाळी मास्तर आले. गेली नऊ वर्षं कोपऱ्यातल्या टेबलावर बिनसाखरेचा चहा घेतात, तोही न सांगता. पोराने टेबल पुसलं, ट्रेमधून पाणी ठेवलं, हसून म्हणाला, "या सर, बसा निवांत. मेनू देऊ?"

मास्तरांनी गल्ल्याकडे पाहिलं. "काय रे, मालक बदलला काय?"