माळ्यावरची सात खोकी आणि संक्रांतीची ४२ वाणं

दिवाळीनंतर घराला रंग द्यायचं ठरलं, म्हणून माळा रिकामा केला आणि सात खोकी खाली आली. त्यांतली पाच माझी. २०११ पासून २०१९ पर्यंत दर मे महिन्यात मी घरी मुलांचा छंदवर्ग घ्यायचे. २०२० चा मे टाळेबंदीत गेला, वर्ग झाला नाही आणि नंतर तो सुरू झालाच नाही. त्या वर्षासाठी आधीच भरून ठेवलेलं आणि आधीच्या वर्षांतलं उरलेलं सगळं सामान या पाच खोक्यांत होतं. सहावं खोकं सासूबाईंच्या कातरणाचं. त्यांनी चाळीस वर्षं ब्लाउज शिवले, आणि खणाचा तळहाताएवढा तुकडासुद्धा कधी टाकला नाही. सातव्या खोक्यात आम्हाला आलेल्या लग्नपत्रिका.

मी त्याच दिवशी ठरवलं की यंदाचं संक्रांतीचं वाण यातूनच करायचं. भेटकार्डं, कानातली, जवळच्यांना द्यायच्या वस्तू, सगळं यातूनच. नवीन काही आणायचं नाही. हळदीकुंकवासाठी शुक्रवार, २३ जानेवारी धरला. त्या दिवशी वसंत पंचमीही होती आणि रथसप्तमी २५ तारखेला, म्हणजे अगदी शेवटाकडचा दिवस. आधीचा रविवार सोयीचा होता, पण त्या दिवशी अमावस्या. उशीर झाला तो माझ्या पथ्यावरच पडला.

पहिले चार दिवस मी काहीही बनवलं नाही. सोप्यात सतरंजी पसरून सगळं ओतलं आणि नेहमीच्या सवयीने मणी मण्यांत, लेस लेसमध्ये, कागद कागदांत असे ढीग करायला लागले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लक्षात आलं की या ढिगांवरून काय करावं ते काहीच सुचत नाहीये. बाजारातून सामान आणताना आधी वस्तू डोक्यात असते आणि मग आपण तेवढे नग घेतो. उरलेल्या सामानात नग आधीच ठरलेले असतात. म्हणून मी ढीग मोडले आणि मोजायला बसले. जे चाळीसच्या वर आहे ते वाणासाठी. जे दहा-बारा आहे त्याची कानातली किंवा तोरणं. जे एकेकटं आहे, म्हणजे एक सुंदर बटण, एक तांब्याचं पान, लेसचा वीतभर तुकडा, ते कार्डावर. हे सुचल्यावर पुढचं काम आपोआप हलायला लागलं. कुणी मला या सगळ्यातलं एकच सांग म्हणालं तर मी हेच सांगेन.

मोजता मोजता मेलेलं सामानही बाजूला काढलं, आणि ते बरंच निघालं. बांगडीसाठी घेतलेलं इलॅस्टिक ताणलं की तुटत होतं, ते सगळं गेलं. चमकीच्या गोंदाच्या नळ्या आतून दगड झालेल्या. दुहेरी टेपचा गोंद कागदावर न राहता बोटांवर येत होता. रेशमाच्या लडी मात्र काळ्या पिशवीत असल्यामुळे नव्यासारख्या राहिल्या होत्या. लाल आणि राणी रंगाच्या लडींवर मी ओला कापूस फिरवून बघितला. लालाचा रंग लागला, म्हणून तो कानातल्यांतून वगळला. सोनेरी पाणी दिलेले मणी काळे पडले होते. ते चिंचेने घासायचा मोह मला झाला, पण चिंच पितळेसाठी. एका मण्यावर करून बघितलं तर वरचं पाणीच निघून आलं. बाकीचे मी तसेच ठेवले आणि काळसर रंगच धरून त्यांची जोडणी केली.

सगळ्यात जास्त संख्येला निघाले ते लहान गोल लोहचुंबक. एका वर्षी मुलांना फ्रिजवर लावायची फुलं शिकवायची होती, त्यासाठी घेतलेले ४८ नग. यादीत बायका ४२. आणि आईंच्या खोक्यात खणाचे तुकडे शेकड्यांनी. ओटीत खण ठेवतात तो त्रिकोणी घडी घालून. तीच घडी बोटभर आकारात करायची आणि मागे लोहचुंबक लावायचा, हे मला एका दुपारी सुचलं. मी आईंना म्हटलं, "अहो आई, एवढासा खण होईल का?" त्यांनी चष्मा लावला, एक तुकडा मांडीवर घेतला आणि नखाने दाबत घडी घातली. काठ बरोबर दर्शनी बाजूला आला. मी त्या दिवशी करून बघितलेल्या एकाही घडीत काठ असा बसला नव्हता. तुकडा कुठून कापायचा हे काठ बघून ठरवायचं, मधल्या बुट्ट्यांवरून नाही, हे त्यांनी मला तेव्हा दाखवलं.

खण कापला की सुटतो. तुकडे लहान असल्यामुळे पहिले दहा-बारा तर हातातच विसकटले. मग रीत बदलली. आधी कापडाच्या मागे पातळ कागद चिकटवायचा, पुस्तकाखाली रात्रभर ठेवायचा आणि सकाळी कापायचा. यात गोंदाचं प्रमाण फार महत्त्वाचं आहे. पांढरा गोंद जास्त झाला की कापडातून वर येतो आणि वाळल्यावर काळपट डाग राहतो, तो निघत नाही. गोंद कागदाला लावायचा, कापडाला लावायचा नाही. जुन्या कार्डाच्या कडेने तो ओढून अगदी पातळ करायचा, दोन-तीन मिनिटं थांबायचं, बोटाला जरा चिकट लागला की मग कापड ठेवायचं. असे केलेले तुकडे कात्रीने सुबक कापले गेले आणि घडीही धारदार बसली.

लोहचुंबक चिकटवताना दुसरी अडचण आली. पांढऱ्या गोंदाने लावलेले पहिले सहा दुसऱ्या दिवशी फ्रिजवरच राहिले आणि खण हातात आला. लोहचुंबकाचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो, त्यात गोंद मुरत नाही. घरात दोन नळ्यांचा, मिसळून लावायचा गोंद होता. पॉलिश पेपरने लोहचुंबक घासला, पुसला, तो गोंद लावला आणि एक दिवस अजिबात हात लावला नाही. त्यानंतर एकही निघाला नाही. ज्यांच्या घरी रांगती मुलं आहेत त्यांच्यासाठी मी लोहचुंबक न लावता त्याच घडीची पुस्तकात ठेवायची खूण केली. लहान मुलाने लोहचुंबक गिळला तर जिवावर बेतू शकतं, तेव्हा त्यात वाण सारखं दिसण्याचा आग्रह धरायचा नसतो.

लग्नपत्रिकांचं काम मी आवडीने केलं. जाड, सोनेरी, मखमली, जाळीदार असे किती सुंदर कागद आपण एकदा वाचून ठेवून देतो! पण प्रत्येक पत्रिकेवर गणपती असतो, आणि तो कापायचा कसा, टाकायचा कसा, या विचाराने त्या वर्षानुवर्षं घरात पडून राहतात. आई म्हणाल्या, "त्याला टाकू नको, कुठंतरी बसव." म्हणून मी सगळ्यात आधी गणपतीच कापून घेतले. साठाच्या वर निघाले. चांगले ४२ निवडून प्रत्येक भेटकार्डाच्या दर्शनी भागावर एकेक बसवला, बाकीचे एका मोठ्या पुठ्ठ्यावर ओळीने लावून देवघराच्या भिंतीला टांगले. कार्ड कुणाच्याही घरी गेलं तरी गणपतीचा मान राहणार होता.

जाड कागद सरळ दुमडला तर घडीवर वरचा थर फुटून पांढरी रेघ दिसते. रिफिल संपलेल्या बॉलपेनने पट्टीला धरून आधी रेघ दाबून घेतली की तसं होत नाही. शिवाय कागदाला अंग असतं. एका दिशेने तो सहज वळतो, दुसऱ्या दिशेने अडतो. हातात धरून दोन्हीकडे हलकं वाकवून बघितलं की कळतं. सहज वळतो तिकडूनच घडी घालायची. सोनेरी कागदावर जेलपेनची शाई वाळली नाही, तीन कार्डं हाताने पुसली गेली. मग आतून साधा कागद लावला आणि "तिळगूळ घ्या, गोड बोला" त्यावर लिहिलं. क्विलिंगच्या, म्हणजे गुंडाळून नक्षी करायच्या कागदाच्या, ३ मिलिमीटरच्या पट्ट्यांचे रंग विटले होते. फिकट निळ्या आणि पिवळ्याचे पतंग केले, आणि विटलेला रंग पतंगाला शोभला.

कानातल्यांसाठी दहा-बारा नगांच्या गटातून चौदा जोड झाले. खणाच्या गोल चकत्या, कडेने कलाबूत, खाली काळसर सोनेरी मणी. इथे मात्र माझा नियम मी मोडला. खोक्यातले हुक गंजले होते. काही बरे दिसत होते, पण कानात जाणारी वस्तू जुनी द्यायची नाही असं मला मनापासून वाटतं. इथे कोल्हापुरात महाद्वार रोडवर जाऊन मी स्टीलचे नवे हुक आणले. या सगळ्या कामात तेवढाच खर्च सामानावर झाला, आणि त्याची मला जराही खंत नाही.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात शेजारच्या काकू आल्या. त्यांच्या घरी नवी सून आली आहे, तिची पहिली संक्रांत. त्यांनी खोकी बघितली आणि विचारलं, "हलव्याचे दागिने कराल का हो तिच्यासाठी?" मी लगेच हो म्हटलं, आणि मग रात्री झोप लागेना. हलव्याचे दागिने मी कधी केले नव्हते. आईंनी केले होते, त्यांच्या नणंदेच्या वेळी.

पुढचे सहा दिवस आई आणि मी दुपारी दोन ते पाच बसलो. बाजारात हल्ली बरेच दागिने पुठ्ठ्यावर गोंदाने हलवा चिकटवून करतात. आईंना ते पटत नाही, आणि शिकल्यावर मलाही पटेनासं झालं. दोरा दुहेरी घ्यायचा, हलव्याचा दाणा दोन पदरांच्या मध्ये धरायचा, गाठ आवळायची, की लगेच पुढचा दाणा. दोरा काट्यांच्या खाचेत बसतो, म्हणून दाणा निसटत नाही. गाठ सैल राहिली तर दाणा गळतो, जास्त आवळली तर काटे तुटतात. माझे पहिले दोन तास नुसते काटे तुटण्यात गेले. आईंची बोटं आता थरथरतात, सुईत दोरा मला ओवून द्यावा लागतो, पण गाठ त्यांची पहिल्या दाण्यापासून बरोबर. "बघू नको, बोटाला कळू दे," असं त्या म्हणाल्या, आणि खरोखर नजर काढल्यावर मला ते जमायला लागलं.

बांगड्या, बाजूबंद, नथ, कानातल्या कुड्या झाल्या. गळ्यातलं काय करायचं यावर आईंचं एकच म्हणणं होतं. कोल्हापूरची सून आहे, साज पाहिजे. साजाला २१ पानं असतात. दहा दशावतारांची, आठ अष्टमंगलाची, दोन माणिक-पाचूची आणि एकविसावं डोरलं. लग्नपत्रिकांच्या सोनेरी कागदाची पानं मी कापली. एकेरी कागद मऊ पडत होता, म्हणून दोन कागद पाठीला पाठ लावून जाड केले. मासा, कासव हे आकार आईंनी पेन्सिलीने काढून दिले. भोक काठाच्या फार जवळ पडलं की पान फाटतं, हे चार पानं फाटल्यावर कळलं. माणिक-पाचूच्या जागी छंदवर्गातला एक लाल आणि एक हिरवा खडा. पानांच्या मधल्या जवमण्यांच्या जागी हलवा.

त्या पानांच्या आत, दोन कागदांच्या मध्ये, कुणाकुणाची नावं छापलेली राहिली. कापताना मी वाचत होते. कुणाचा मुहूर्त, कुणाचं कार्यालय, कुणाचे "आमचे येथे श्रीकृपेकरून". त्यांतली काही लग्नं मी जेवून आले होते. ते सगळं आत ठेवून वरून सोनं दिसत होतं, आणि नव्या सुनेच्या गळ्यात हेच पडणार याचा मला फार आनंद झाला.

तयार दागिन्यांची खरी काळजी मुंग्यांची. स्टीलच्या डब्यात तळाशी तांदळाची पुरचुंडी ठेवली, म्हणजे ओल धरत नाही, आणि डबा पाणी भरलेल्या परातीत ठेवला. १४ तारखेला सकाळी डबा उघडला तेव्हा एक दाणा सुद्धा ओघळला नव्हता. काळ्या चंद्रकळेवर तो पांढरा आणि सोनेरी साज बघून काकूंनी आईंना वाकून नमस्कार केला. आई लाजल्या.

हळदीकुंकवाला ३९ जणी आल्या. तिघींची वाणं दुसऱ्या दिवशी घरी पोचवली. वाण हातात घेतल्यावर प्रत्येकीने पहिल्यांदा काठावरून बोट फिरवलं. दोघींनी आपापल्या आईच्या चोळीचा खण ओळखल्यासारखं सांगितलं, आणि खरंच तसं असेलही, कारण त्यांच्या आयांचे ब्लाउज आमच्याच आईंनी शिवले होते.

सात खोक्यांची आता दोन झाली आहेत. रात्री सतरंजी झाडताना कापडाचे धागे आणि चिमटीत मावतील एवढे कपटे मी सुपलीत भरले. "हे कशाला टाकतीस गं?" म्हणून आईंनी ती सुपली ओढून घेतली. सकाळी उठून बघते तर माझ्या शिवणाच्या डब्यात सुया टोचायची एक गोल गादी होती, हिरव्या खणाची, आत ते सगळे धागे गच्च भरलेली. तिच्यात दोरा ओवलेल्या दोन सुया टोचून ठेवल्या होत्या.