"लिहून घ्या, मी थांबतो"

टोरांटोत हिवाळ्यात सकाळचे साडेआठ वाजतात, तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे सात झालेले असतात. त्या वेळी मी बसमध्ये असते आणि कानात आकाशवाणी नागपूर. फोनवर केंद्र ऐकता यायला लागल्यापासून हा माझा नेम आहे. परवा बसमध्येच घरच्या ग्रुपवर लहान भावाचा निरोप वाचला : 'रेडिओवाले भाऊ गेले.' मी एक थांबा आधीच उतरले आणि बर्फात उभी राहून आईला फोन लावला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आपल्या घरचाच माणूस होता वं तो."

त्यांचं नाव इथे लिहीत नाही, घरच्यांना विचारलेलं नाही. तसंही यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या दारव्हा तालुक्यात सगळे त्यांना रेडिओवाले भाऊच म्हणत. ते नागपूर केंद्रावर नैमित्तिक निवेदक होते. म्हणजे पगार नाही, जेवढ्या ड्यूट्या तेवढं मानधन.

२० फेब्रुवारी २०२४ ला अमीन सयानी गेले तेव्हा देशभर लिहिलं गेलं. लिहायलाच हवं होतं. १९५२ साली रेडिओ सिलोनवर सुरू झालेल्या बिनाका गीतमालेनं तो आवाज घरोघरी नेला होता. आमच्या भाऊंवर कोण लिहील? म्हणून मी लिहितेय.

नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ चं. आमच्या ट्रान्झिस्टरचा काटा मध्यम लहरींवरच्या ५८५ किलोहर्ट्झवरून, म्हणजे नागपूरवरून, कधी हलायचा नाही. या लहरी दिवसा जमिनीला धरून चालतात आणि रात्री आकाशातून परतून लांबवर पोचतात, हे मी कॉलेजात शिकले. बाबा आधीपासूनच म्हणायचे, "अंधार पडला की नागपूर जवळ येते." सेल उतरले की आई ते दुपारी कवेलूंवर उन्हात ठेवायची, संध्याकाळचा कार्यक्रम तेवढ्यावर निघायचा. वेचणीच्या दिवसांत रेडिओ धुऱ्यावरच्या निंबाला टांगलेला असे, कातडी कव्हरसकट.

एका वर्षी आमच्या पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, लाल्या रोग आला. पानं कडेनं लाल होत गळायला लागली. बाबांनी केंद्राला पोस्टकार्ड टाकलं. मी तेव्हा चौथीत होते. एका संध्याकाळी भाऊंनी ते वाचलं, आमच्या गावाचं नाव अगदी आम्ही म्हणतो तसं उच्चारून, आणि बाबांच्या नावापुढे 'भाऊ' लावून. बाबा उठून उभेच राहिले. मग तज्ज्ञांनी दिलेला उपाय आला : दोन टक्के युरिया, म्हणजे दहा लिटर पाण्यात दोनशे ग्रॅम, एक टक्का मॅग्नेशियम सल्फेट, म्हणजे शंभर ग्रॅम. एवढं सांगून भाऊ म्हणाले, "कागद घ्या. लिहून घ्या, मी थांबतो."

आणि ते खरंच थांबले. रेडिओतून नुसती खरखर. बाबा पुटपुटत सांगत होते, मी कंदिलाजवळ वही धरून लिहीत होते. मग भाऊंनी सगळं पुन्हा एकदा सांगितलं, सावकाश.

इथल्या रेडिओवर दोन वाक्यांत श्वासाएवढीही जागा नसते. निवेदक हुशार आहेत, तयारीचे आहेत. पण पलीकडे कुणी पेन्सिल शोधत असेल, हे ओळखून थांबलेला माणूस मी नंतर ऐकला नाही.

काल भावाला म्हटलं, माळ्यावरच्या पेटीत बघ. रात्री फोटो आला. पान पिवळं पडलंय, कोपरा उंदरानं खाल्लाय. अक्षर माझंच, गिचमिड. शेवटची ओळ 'शंभर ग्रॅम' पर्यंत पूर्ण आहे.